कॅमेरा धरणाऱ्यांविषयी
(शिबिरात चित्रपट दाखवल्यानंतर केलेलं भाषण)



आत्ता पाहिलेला बेल्जियमचा हा चित्रपट १९९२ सालचा. इंग्रजीत त्याला 'मॅन बाइट्स डॉग' म्हणतात. मूळ फ्रेंच नावाचा अर्थ, 'हे तुमच्या घराजवळच घडलं'. तीन तरुणांनी थोडक्या पैशांत, कृष्णधवल काढलेला. सोंग माहितीपटाचं: बेन नावाचा खुनी आणि कॅमेरा घेऊन त्याच्यामागे हिंडणारी पोरं.

सुरुवातीला हसू येतं. बेन गप्पिष्ट आहे, कविता म्हणतो, प्रेत पाण्यात बुडवायला किती वजन बांधायचं याचा हिशेब सांगतो. म्हातारीवर गोळीसुद्धा खर्च करत नाही, अंगावर ओरडून तिचा जीव घेतो. इथंही खसखस पिकली. पुढे पोरं प्रेतं उचलू लागतात. चित्रपटाचे पैसे संपले की बेनच पुरवतो. आणि मग रात्री त्या नवराबायकोच्या घरात सगळे घुसतात. नवऱ्यादेखत त्या बाईवर बलात्कार होतो, आणि कॅमेरावालेही त्यात असतात. तेव्हा खोलीत कुणी हसलं नाही.

'इन्साफ का तराजू'मध्ये (१९८०) न्यायाच्या नावाखाली बलात्कार चवीनं दाखवला होता. इथं ती चव नाही, हे मान्य करायला हवं. तरी माझी तक्रार आहे. ध्वनिमुद्रक मरतो तेव्हा दिग्दर्शक रेमी कॅमेऱ्यासमोर शोक करतो, त्याच्या गरोदर प्रेयसीचं नाव घेतो. दुसरा मेल्यावर पुन्हा तेच भाषण, तेच नाव! ही थट्टा आहे, कळतं. पण थट्टेपुरता का होईना, पुरुषासाठी शोक झाला. त्या बाईला नावच नाही. सकाळी तिचं प्रेत दिसतं आणि चित्रपट पुढे जातो. प्रेक्षकाला हादरवण्यापुरतीच ती आणली होती.

'हे तिकडचं' असं मागे कुणी तरी पुटपुटलं. मुंबईत २०१३ साली शक्ती मिलच्या आवारात बलात्कार करणाऱ्यांनी मोबाइलवर फोटो काढले, बोललीस तर पसरवू अशी धमकी दिली. तिथं कॅमेरावाले आणि गुन्हेगार वेगळे नव्हतेच. ती मुलगी स्वतः छायाचित्र-पत्रकार होती. धमकीला न जुमानता तिनं तक्रार नोंदवली, न्यायालयात साक्ष दिली. बेनच्या चित्रपटात अशा बाईला जागा नाही. तिथं बाई तोंड उघडण्याआधीच मरते.

आता दिवे लावा. ज्या मधेच उठून बाहेर गेल्या होत्या, त्यांनी आधी बोलावं.