जबड्याचा अस्थिभंग : कारणे आणि दक्षता
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



स्नेहसंमेलनाच्या मंगल प्रसंगी मोडलेल्या हाडांची कथा सांगणे काहीसे अप्रस्तुत वाटेल. परंतु ज्या आपत्ती थोड्या दक्षतेने टळतात, त्यांविषयी आप्तांच्या मेळाव्यात बोलायचे नाही, तर कोठे बोलायचे?

चेहऱ्याच्या हाडांपैकी हलणारे हाड एकच, ते खालच्या जबड्याचे. त्याचा आकार घोड्याच्या नालासारखा असून दोन्ही टोके कानांपुढील सांध्यांत बसलेली असतात. अशा कमानीवर एके ठिकाणी आघात झाला, तरी ताण दूरवर पोहोचतो. म्हणून हा जबडा पुष्कळदा दोन ठिकाणी मोडतो. हनुवटीच्या एका बाजूस मार बसला, तर एक भंग तेथे आणि दुसरा विरुद्ध बाजूच्या सांध्याखालील निमुळत्या मानेशी. नेमक्या हनुवटीवर पडल्यास दोन्ही माना मोडण्याचा संभव असतो. सुळ्याच्या लांब मुळाची व हाडात रुतलेल्या अक्कलदाढेची जागाही मुळातच दुबळी. वरच्या जबड्याच्या भंगरेषा फ्रेंच शल्यविशारद रेने ल फोर यांनी १९०१ साली मृतदेहांवरील प्रयोगांनंतर तीन प्रकारांत मांडल्या. त्या आजही त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात.

आपल्याकडे या दुखापतींचे मोठे कारण म्हणजे दुचाकीचे अपघात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने शिरस्त्राण आवश्यक केले आहे. परंतु दंड चुकविण्यापुरते डोक्यावर ठेवलेले टोपीवजा शिरस्त्राण हनुवटीचे रक्षण करीत नाही. हनुवटी झाकणारे घ्यावे आणि त्याचा पट्टा बांधावा.

दुसरे कारण मुलांचे पडणे. एक मुलगा जिन्यावरून हनुवटीवर पडला. जखमेला टाके घातले, जखम भरली, सर्वजण निश्चिंत झाले. आतील सांध्याचा भंग मात्र कोणाच्या ध्यानी आला नाही. काही वर्षांनी तो माझ्याकडे आला, तेव्हा त्याच्या तोंडात एक बोटही जेमतेम जात होते; हनुवटीची वाढ खुंटली होती. सांधा हाडाने जखडला होता व मोठ्या शस्त्रक्रियेवाचून मार्ग उरला नव्हता. म्हणून मातापित्यांना माझी कळकळीची विनंती आहे : मूल हनुवटीवर पडल्यास केवळ टाक्यांवर समाधान मानू नका. कानापुढे दुखते काय, तोंड पूर्ण उघडते काय, हे पाहा आणि क्ष-किरण चित्र काढून घ्या.

तिसऱ्या कारणाविषयी बोलणे अवघड आहे; ते म्हणजे मारहाण. सुजलेल्या गालाने भगिनी येते आणि बरोबरचे गृहस्थ सांगतात, “न्हाणीघरात पाय घसरला.” समोरून उजव्या हाताने मारलेला ठोसा बहुधा डाव्या गालावर बसतो. एवढ्यावरून कोणी निष्कर्ष काढू नये. परंतु वैद्याने तिला एकांतात विचारावे आणि घरच्या वडीलधाऱ्यांनी कुलाच्या अब्रूखातर मौन धरू नये. २००५ च्या कायद्याने तिला संरक्षण दिले आहे. आपल्या समाजानेही दिले पाहिजे.

दात पूर्वीसारखे एकमेकांवर बसत नसतील, खालचा ओठ बधिर झाला असेल किंवा जिभेखाली रक्त साकळले असेल, तर जबडा मोडल्याचा संशय घ्यावा. शुद्धीवर असलेल्या रुग्णास पुढे वाकवून बसवावे, म्हणजे रक्त घशात जाणार नाही. बेशुद्धास मान सांभाळून कुशीवर वळवावे. निखळलेला पक्का दात दुधात ठेवून त्वरित न्यावा. पूर्वी वरचे व खालचे दात तारेने बांधून रुग्णास कित्येक आठवडे पेजेवर ठेवावे लागे. आता टायटॅनियमच्या लहान पट्ट्यांमुळे पुष्कळांना तोंड लवकर उघडता येते.

पट्टी हाड जोडते. मोडलेला विश्वास जोडण्याचे काम आपणा सर्वांचे आहे.