संगणकाच्या खोलीतही ब्रेक तपासा

(संगणक विभागात काम करणाऱ्या सभासदांच्या अभ्यासवर्गात शाखा सचिवांनी केलेले भाषण)



मी मॅट्रिक शिकलेला माणूस. डेटाबेस चालवणे मला येत नाही आणि ते शिकवायला मी इथे उभा नाही. तुम्ही भुसावळहून, इटारसीहून, सिकंदराबादहून आला आहात. या विषयात तुम्हीच माझे गुरू. पण गाडी सुरक्षित कशी चालते हे मी तीस वर्षे पाहिले आहे आणि एका माणसाची नोकरी डोळ्यांदेखत कशी गेली तेही पाहिले आहे. तेवढ्या अधिकारावर बोलतो.

काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात रात्रपाळीला एक कंत्राटी मुलगा एकटा होता. पगाराच्या जुन्या नोंदी काढताना चालू महिन्याच्या नोंदीही पुसल्या गेल्या. बॅकअप रोज घेतला जात होता, वहीत रोज 'बॅकअप झाला' अशी सही होती. उघडून पाहिले तर फाइली रिकाम्या. पगार लांबला आणि त्या मुलाला दुसऱ्याच दिवशी घरी बसवले. रिकाम्या फाइलींवर महिनोन्‌महिने सह्या कशा झाल्या, हे चौकशीत कोणी विचारले नाही. आपणही मध्ये पडलो नाही, कारण तो आपला सभासद नव्हता. ही चूक मी सचिव म्हणून पदरात घेतो.

असे फक्त आपल्याकडेच घडते असे समजू नका. गिटलॅब ही जगभरच्या प्रोग्रॅमरांचे काम साठवून ठेवणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ रोजी रात्री उशिरापर्यंत तिथला एक इंजिनिअर काम करत होता. दुय्यम सर्व्हरवरचे डेटाबेसचे फोल्डर पुसायचे होते, पण आज्ञा दिली गेली मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात आली. तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच उरले होते. मग बॅकअप शोधले. रोजचा बॅकअप प्रोग्रॅमच्या चुकीच्या आवृत्तीमुळे होतच नव्हता. तो फसल्याची सूचना ई-मेलने जायची, तीही पोचत नव्हती. डिस्कची प्रत घेण्याची सोय त्या सर्व्हरसाठी सुरूच केलेली नव्हती. शेवटी दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी हाताने घेतलेली एक प्रत सापडली, तिच्यावर निभावले. तरी मधल्या सहा तासांतल्या नोंदी गेल्या. सुमारे ५,००० प्रकल्पांना, ५,००० टिप्पण्यांना आणि ७०० नव्या खात्यांना फटका बसला.

पण कंपनीने पुढे काय केले ते लक्षात ठेवा. सगळी हकीकत अहवालात जाहीर केली. त्यात त्या माणसाचे नाव नाही. बॅकअप तपासण्याची जबाबदारी कोणावरही सोपवलेली नव्हती, अशी कबुली मात्र आहे.

आता आपल्या गाडीकडे या. इंजिन जोडले म्हणजे ब्रेक लागतो असे आपण धरून चालतो काय? शेवटच्या डब्यातल्या गेजवर दाब आला की नाही, हे गार्ड स्वतः पाहतो. २०२२ पासून त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण काम तेच. बॅकअपचेही तसेच आहे. निदान महिन्यातून एकदा तो वेगळ्या मशीनवर परत चढवून पाहा. नोंदी मोजा, एखादी पगारपत्रिका काढून बघा, किती तास लागले ते लिहा. परत चढवून न पाहिलेला बॅकअप म्हणजे न तपासलेला ब्रेक.

दुसरी गोष्ट. लाइन क्लिअर देताना दोन स्टेशन मास्तर प्रायव्हेट नंबर देतात-घेतात. पुसण्याची किंवा बदलण्याची आज्ञा देतानाही दुसऱ्या माणसाने सर्व्हरचे नाव मोठ्याने वाचावे. चालू सर्व्हर आणि चाचणीचा सर्व्हर यांच्या पडद्यांचे रंग वेगळे ठेवा.

तिसरी. ब्लॉक घेतल्याशिवाय आपण रुळाला हात लावत नाही. मोठा बदल करायचा तर वेळ मंजूर करून घ्या, आधी प्रत घ्या, पायऱ्या कागदावर लिहा. काम फसले तर मागे कसे यायचे, तेही लिहा.

चौथी. ज्याचे लॉगिन त्यानेच वापरावे. सगळ्यांना एकच पासवर्ड असेल तर दोष नेहमी सर्वांत दुबळ्या माणसावर येतो. ज्याला फक्त नोंदी पाहायच्या आहेत, त्याच्या लॉगिनला पुसण्याचा अधिकार कशाला?

पाचवी. एक प्रत दुसऱ्या इमारतीत आणि एक नेटवर्कपासून तोडलेली ठेवा. आग लागली किंवा खंडणी मागणारा व्हायरस शिरला, तर तीच कामाला येईल.

आणि न पाहता सही करू नका. आपल्याला वाटते सही आपल्याला वाचवते. त्या सहीनेच त्या मुलाला बुडवले.

हे सर्व एकट्या कामगाराने सांभाळावे, असे मी म्हणणार नाही. म्हणून प्रशासनाकडे आपल्या मागण्या स्पष्ट आहेत. चालू डेटाबेसवर काम असेल त्या रात्री दोन माणसे. सलग लांब ड्यूटीनंतर अशा कामाला हात लावण्याची सक्ती नको. चाचणीसाठी वेगळे मशीन. बॅकअप तपासण्याची जबाबदारी लेखी, नावानिशी आणि त्यासाठी ड्यूटीतच वेळ. चूक झाल्यास आधी व्यवस्थेची चौकशी, मग माणसाची. आणि हे सर्व कंत्राटी कामगारालाही लागू. येत्या बैठकीत हा विषय मी अजेंड्यावर मांडणार आहे. तुमच्या कार्यालयात बॅकअप शेवटचा कधी परत चढवून पाहिला, ती तारीख मला लिहून पाठवा. तारीख नसेल तर तसेच लिहा.

तुमच्या पडद्यावरच्या एकेका ओळीमागे कोणाची तरी सेवेची वर्षे आहेत, कोणा विधवेचे कुटुंब निवृत्तिवेतन आहे. ती ओळ राखणारा माणूस रात्री एकटा पडता कामा नये. तो कायम असो की कंत्राटी, त्याच्यामागे युनियन उभी राहिली पाहिजे. मागच्या वेळी राहिली नाही. पुढच्या वेळी राहील, हा शब्द देतो.

कामगार एकजूट झिंदाबाद!