बुडाले तर कुणाचे?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी कविता करणारा माणूस, शिक्षण बी. ए. नव्या कंपन्यांत गुंतवल्या जाणाऱ्या जोखीम भांडवलावर मी बोलणं म्हणजे आगाऊपणाच. पण गेल्या वर्षी हा विषय आमच्या घरातच शिरला.

थोरल्या भावाचा, भाईजानचा फोन आला. ‘तुझी पुतणी प्रयोगशाळा सोडून सावकारी करायला निघालीय. तुझं ऐकते, बोल तिच्याशी.’ पुतणी म्हणजे त्यांचीच मुलगी. पण पोरीनं मनाविरुद्ध काही केलं की ती बापाची न राहता काकाची पुतणी होते. भाईजान जुन्या वळणाचे. बँकेनं खात्यावर टाकलेलं व्याज आयुष्यभर वेगळं काढून गोरगरिबांना देत आले. त्यांना हे लागणारच.

पोरगी रसायनशास्त्रात पीएच.डी. झालेली, पुण्यात संशोधन करत होती. बंगळुरूच्या एका फंडात चालली होती. मला म्हणाली, ‘चाचा, सावकारी नाही ही. कर्ज नाही, व्याज नाही, हप्ता नाही. दोघातिघांची नवी कंपनी असते. विकायला वस्तूही तयार नसते, फक्त एक शोध असतो. आम्ही पैसे घालतो आणि कंपनीत हिस्सा घेतो. चालली तर हिश्श्याची किंमत वाढते, बुडाली तर पैसे बुडाले. बहुतेक बुडतातच.’

पैसा फंड चालवणाऱ्यांचा स्वतःचा थोडाच असतो. पेन्शन फंड, विद्यापीठांचे निधी, श्रीमंत घराणी असे लोक तो साधारण दहा वर्षांसाठी देतात. चालवणारे वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास खर्चापोटी घेतात, आणि नफा झाला तर त्यातला साधारण वीस टक्के वाटा.

हे ऐकताना मला अब्बा आठवले. त्यांचं पेंडीचं दुकान गावातल्या एका हाजीसाहेबांच्या पैशावर उभं राहिलं होतं. पैसा त्यांचा, राबणं अब्बांचं, नफा निम्मानिम्मा. तोटा झालाच तर पैसेवाल्याचा पैसा जाईल आणि राबणाऱ्याची मेहनत. याला मुदारबा म्हणतात. इस्लामपूर्व अरबस्तानातल्या काफिल्यांच्या व्यापारापासून चालत आलेली ही रीत. मध्ययुगीन इटलीच्या बंदरांत ‘कॉमेंडा’ नावानं असाच करार होत असे. १९७२च्या दुष्काळात लोकांनी जनावरं विकली, उधारीवर दिलेल्या पेंडीचे पैसे आलेच नाहीत. हाजीसाहेबांचे पैसे गेले, अब्बांची दोन वर्षं गेली. हाजीसाहेबांनी त्यावर एक शब्द काढला नाही, असं अम्मी सांगायची. फंडवाले इतके अबोल नसतात म्हणा. ते संचालक मंडळावर बसतात, प्रश्न विचारतात, वेळ पडली तर संस्थापकालाही बाजूला करतात. मुदारब्यात पैसेवाल्यानं रोजच्या कारभारात हात घालायचा नसतो.

पण माझी खरी हरकत वेगळी होती. ज्या मुलीनं चार वर्षं एका पातळ पडद्यामागे घालवली, पाण्यातले क्षार अडवणाऱ्या पडद्यामागे, तिनं आता दुसऱ्यांचे प्रयोग नुसते वाचायचे?

तिनं मला नूबार अफेयान यांची गोष्ट सांगितली. जन्म १९६२चा, बैरुतमधल्या आर्मेनियन घरातला. लेबनॉनमध्ये यादवी पेटली तेव्हा कुटुंब कॅनडाला गेलं. १९८७ साली अमेरिकेतल्या एमआयटीतून जैवरासायनिक अभियांत्रिकीत डॉक्टरेट घेतली आणि त्याच वर्षी, अवघ्या पंचविशीत, प्रथिनं वेगळी करण्याच्या उपकरणांची कंपनी काढली. १९९८मध्ये ती विकली गेली. २०००मध्ये त्यांनी फ्लॅगशिप हा उद्योग सुरू केला. तिथं कंपनी येण्याची वाट बघत बसायचं नाही. ‘असं झालं तर?’ हा प्रश्न स्वतःच विचारायचा, थोड्या पैशात तपासायचा, टिकला तर त्याचीच कंपनी करायची. त्यांतली एक मॉडर्ना, २०१०ची. दहा वर्षं तिच्याकडे बाजारात विकायला एकही मान्यताप्राप्त औषध नव्हतं. ११ जानेवारी २०२०ला कोरोना विषाणूची जनुकीय संहिता जाहीर झाली, १६ मार्चला तिची लस पहिल्या स्वयंसेविकेला टोचली गेली. १८ डिसेंबरला अमेरिकेत आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. सरकारी शास्त्रज्ञ आणि सरकारी पैसाही त्यात भरपूर होता, हे तीही मान्य करते.

मीही वाचून तयार होतो. म्हटलं, ‘आणि कातालिन कारिको? त्या आरएनएचा मूळ अडसर तिनं आणि ड्रू वाइसमननं दूर केला. २००५चा तो निबंध. १९९५मध्ये विद्यापीठानं तिला खालच्या पदावर ढकललं, अनुदानं मिळेनात, तरी बाई प्रयोगशाळेतून हलली नाही. २०२३ला नोबेल मिळालं.’

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘चाचा, तेव्हा पैसे देणाऱ्यांच्या टेबलाशी तिचं म्हणणं समजणारा एक जरी माणूस असता तर?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिचा पडद्यावरचा निबंध छापून आला, चार ठिकाणी उल्लेखला गेला आणि तिथंच थांबला. आपल्याकडे सरकारची बायरॅक संस्था २०१२पासून अशा शोधांना सुरुवातीला ५० लाखांपर्यंत अनुदान देते. पण कारखान्यापर्यंतची पुढची वाट लांब असते, आणि त्या वाटेवर पैसा घालणाऱ्याला शास्त्र कळावं लागतं.

गेली ती. पहिल्या तीन महिन्यांत तिनं कुणालाही होकार दिला नाही. एकदा रात्री उशिरा फोन आला. दोन मुलं पाणी तपासायची पट्टी घेऊन आली होती. आकडे देखणे होते, पण विहिरीच्या पाण्यावर प्रयोगच केलेला नव्हता, सगळा बाटलीतल्या शुद्ध पाण्यावर. प्रयोगशाळेत ती म्हणाली असती, ‘अजून सिद्ध झालेलं नाही’, आणि चहा प्यायला गेली असती. इथं ‘नाही’ म्हटल्यावर समोरच्याचा चेहरा पाहावा लागला. त्यांना कुठल्या पाण्याचे किती नमुने घ्यायचे ते लिहून दिलं, म्हणाली. आवाज बसलेला होता.

परवा भाईजान आले. मुदारब्याची गोष्ट त्यांना आधीच सांगितली होती, त्यामुळे सूर जरा उतरला होता. विचारलं, ‘बुडाले तर कुणाचे?’

‘पैसेवाल्यांचे,’ मी म्हटलं.

‘आणि तिचं काय जाईल?’

‘वर्षं.’

बराच वेळ ते चहाच्या कपाकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘ईदला येतेय का विचार तिला. माझा फोन ती मीटिंगमध्ये आहे म्हणून घेत नाही.’