गोदींतून दिसलेलें देऊळ

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेंत दिलेलें व्याख्यान)



महोत्सव मंडळानें आम्हांस विनंती केली कीं, गेल्या सप्टेंबरांत आपल्या धर्मग्रामांतील कांहीं मंडळींसह आम्हीं ग्रीस देशाची यात्रा केली, तिची हकीकत या सभेपुढें सांगावी. सबंध यात्रा सांगूं लागलों तर भोजनाची घंटा होईल आणि आम्ही अजून करिंथच्या वेशींतच असूं. म्हणून संत पावलाच्या पाउलखुणा ज्या नगरांत आम्हीं शोधिल्या त्यांचें वर्णन बाजूस ठेवून, एका बेटाची व एकाच दिवसाची गोष्ट तेवढी निवेदन करितों. त्या बेटावर संत पावल उतरल्याचा उल्लेख शास्त्रांत नाहीं. तरीही त्या दिवशीं जें पाहिलें तें घरीं आल्यापासून आमच्या मनांतून जात नाहीं.

त्या बेटाचें नांव सीरोस. अथेन्सनजीकच्या पिरेयस बंदरांतून नेहमीची आगबोट तेथें साडेतीन-चार तासांत पोहोंचते. क्षेत्रफळ सुमारें 84 चौरस किलोमीटर, वस्ती सुमारें 21 हजार. पण एजियन समुद्रांतील सिक्लाडिस नांवाच्या द्वीपसमूहाचा सरकारी कारभार याच लहानशा बेटावरून चालतो. उन्हाळ्यांत तेथें मेल्तेमी नांवाचा उत्तरेचा वारा सुटतो, व तो फार चढला म्हणजे आगबोटी बंदरांतच अडकून राहतात. ज्यांस पुढें जाणें होईल त्यांनीं विमान गांठावयाच्या आदल्या दिवशीं बेटावर राहूं नये, एवढा सल्ला आतांच देऊन ठेवतों.

आम्ही सहा जण होतों: एक निवृत्त शिक्षक व त्यांच्या पत्नी, इस्पितळांत परिचारिकेचें काम करणाऱ्या दोघी सख्ख्या बहिणी, एक वयोवृद्ध खलाशीबाबा आणि आम्ही. सीरोसला जावयाचें तें खलाशीबाबांच्या हट्टानें. तरुणपणीं ते परदेशी आगबोटीवर इंजिनखात्यांत नोकरीस होते. "फादर, एक दिवस तेथें काढूं या," एवढेंच ते म्हणत. कारण विचारिलें तर हंसून गप्प बसत.

बेटावर मोठ्या जथ्याबरोबर फिरावें कीं स्वतःपुरती गाडी व वाटाड्या ठरवावा, याविषयीं आमच्यांत आदल्या रात्रीं वाद झाला. शिक्षक महाशयांस खर्च जास्त वाटला. पण गाडीचें व वाटाड्याचें मिळून ठरलेलें मोल सहा जणांत वांटलें तेव्हां तें कोणासही जड गेलें नाहीं. ग्रीस देशांत वाटाड्याचा धंदा करावयास सरकारी परवाना लागतो, आणि मोटार हांकणारा मनुष्य वाटाड्या असतोच असें नाहीं. म्हणून ठरवितांना ही गोष्ट स्पष्ट विचारून घ्यावी. आम्हांस लाभली ती बेटावरचीच एक मध्यम वयाची बाई. ती आर्थोडॉक्स पंथाची, तिचा नवरा कॅथोलिक. आमचा झगा पाहून तिनें "पातेर" म्हणून नमस्कार केला आणि पहिलाच प्रश्न केला, "आपणांस काय पाहावयाचें आहे, असें मी विचारीत नाहीं. आपण कोणासाठीं आलांत, तें सांगा." आम्हांपैकीं कोणासच उत्तर सुचलें नाहीं. खलाशीबाबांनीं मान खालीं घातली.

बंदरावर उभें राहून पाहिलें म्हणजे समोर दोन टेकड्या दिसतात व दोहोंच्या माथ्यावर एकेक देऊळ. उजवीकडील टेकडीवर निळ्या घुमटाचें आर्थोडॉक्स पंथाचें पुनरुत्थानाचें देऊळ. डावीकडील टेकडीवर, एकावर एक रचलेल्या पांढऱ्या घरांच्या शिखरावर, संत जॉर्जचें देऊळ, आणि तें आपलें, कॅथोलिक महागुरूंचें प्रधान मंदिर. या डाव्या टेकडीवरील गांवास आनो सीरोस, म्हणजे वरचें सीरोस, असें म्हणतात. 1204 सालीं क्रूसयोद्ध्यांनीं कॉन्स्टँटिनोपल घेतल्यानंतर व्हेनिसचे लोक या बेटांवर आले, आणि चांच्यांच्या भयानें उंच टेकडीवर तटासारखीं घरें बांधून हें गांव वसलें. तेव्हांपासून येथील बहुतेक प्रजा रोमच्या ख्रिस्तसभेशीं जोडलेली राहिली.

गाडी गांवाच्या वेशीशीं थांबते, पुढें सर्व पायऱ्याच पायऱ्या. गल्ल्या इतक्या अरुंद कीं दोन माणसें समोरासमोर आलीं तर एकानें भिंतीस चिकटावें. कित्येक ठिकाणीं वरून एका घराची खोली गेलेली व आपण तिच्याखालून वाकून जावें. बाई हळू चाले, कारण आमच्यांतील वडील माणसांचा दम ती पाहत होती. थांबावयाचें निमित्त म्हणून ती एकेक हकीकत सांगे. 1617 सालीं तुर्कांनीं या गांवावर हल्ला केला व येथील महागुरू योआन्नीस आंद्रेआस कार्गास यांस फांशी दिलें. पुढें 1635 सालीं कापुचिन संघाचा मठ व 1744 सालीं येशूसंघाचा मठ येथें स्थापन झाला. ते दोन्ही आजही चढावर लागतात. फ्रान्सच्या राजांनीं या कॅथोलिक प्रजेस आपल्या संरक्षणाखालीं घेतलें होतें.

येथील कॅथोलिकांस आर्थोडॉक्स शेजारी पूर्वींपासून 'फ्रांगी' म्हणत, हें तिनें सांगितलें तेव्हां आमच्या मंडळींत हंशा पिकला. बाईस कारण समजेना. आम्हीं तिला सांगितलें कीं, हाच शब्द फारसींतून आमच्या भाषेंत 'फिरंगी' होऊन आला, आणि आमच्या वाडवडिलांसही शेजाऱ्यांकडून तो ऐकून घ्यावा लागला आहे. ती थोडा वेळ स्तब्ध राहिली व म्हणाली, "मग आपल्याला येथें काय घडलें तें नीट कळेल."

काय घडलें तें असें. 1821 सालीं ग्रीक लोकांनीं तुर्कांविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध आरंभिलें. सीरोसचे कॅथोलिक त्यांत पडले नाहींत, तटस्थ राहिले. याबद्दल त्यांस पुष्कळ दूषणें मिळालीं. पण बेट लढाईबाहेर राहिल्यामुळेंच निर्वासितांस तेथें आसरा दिसला. 1822 सालीं खिओस बेटावर भयंकर कत्तल झाली, 1824 सालीं प्सारा बेट उध्वस्त झालें, आणि तेथून वांचलेले हजारों आर्थोडॉक्स लोक नेसत्या वस्त्रांनिशीं या टेकडीच्या पायथ्याशीं येऊन उतरले. वरच्या लोकांनीं त्यांस आनंदानें कवटाळलें असें बाईनें सांगितलें नाहीं. भांडणें झालीं, जमिनीवरून कुरबुरी झाल्या. पण लोक राहिले. समुद्रकांठच्या रिकाम्या जागेंत त्यांनीं शहर बांधलें आणि 1826 सालीं व्यापाराच्या देवतेवरून त्याचें नांव एर्मूपोली ठेविलें. पुढें कांहीं दशकें तें ग्रीस देशांतील सर्वांत मोठें बंदर होतें.

आज त्याच बेटावर दोन्ही पंथांचे लोक पुनरुत्थानाचा सण एकाच रविवारीं पाळतात. 1582 सालीं पोप तेरावे ग्रेगरी यांनीं पंचांग सुधारलें. आर्थोडॉक्स बंधु या सणाची गणना जुन्या पंचांगानें करितात. त्यामुळें बहुतेक वर्षीं दोघांच्या तिथी वेगळ्या पडतात. सीरोसचे कॅथोलिक आपल्या शेजाऱ्यांची तिथी धरितात. शुभ शुक्रवारीं वरच्या गांवांतून व खालच्या शहरांतून, दोहोंकडून, फुलांनीं मढविलेली प्रभूची शवपेटिका मिरवीत नेतात. बाई म्हणाली, "तिथी वेगळी असती तर आमच्या घरांत एक जण उपास करी व दुसरा मेजवानी."

असें बोलत आम्ही संत जॉर्जच्या अंगणांत पोहोंचलों. तेथून सबंध बंदर पायाखालीं दिसतें, आणि एका बाजूस जहाजांच्या दुरुस्तीची जुनी गोदी. खलाशीबाबा कठड्याशीं उभे राहिले आणि गोदीकडे बोट दाखवून म्हणाले, "फादर, मी तेथें होतों."

मग त्यांनीं सर्व सांगितलें. चाळीस वर्षांपूर्वीं त्यांचें जहाज डागडुजीसाठीं याच गोदींत अठरा दिवस होतें. जहाज बंदरास लागलें त्या दिवशीं टपालांत घरचें पत्र आलें: आई वारली, पुरूनही तीन आठवडे झाले. घरीं जाणें शक्य नव्हतें. निदान आईच्या आत्म्यासाठीं एक मिस्सा व्हावी, एवढी एकच इच्छा मनांत राहिली. सायंकाळीं काम सुटलें म्हणजे ते डेकवर बसत व टेकडीवरील हें देऊळ पाहत. सोबत्यांस विचारिलें, तेव्हां कोणी म्हणाला, "तीं ग्रीक लोकांचीं देवळें, तीं आपलीं नव्हत." दोन रविवार त्यांनीं आपल्या बिछान्यावर बसून जपमाळ म्हटली. एकोणिसाव्या दिवशीं जहाज निघालें. पुढें कित्येक वर्षांनीं निवृत्त झाल्यावर एका पुस्तकांत त्यांनीं वाचलें कीं, जें देऊळ आपण रोज पाहत होतों तें आपलेंच होतें.

"अर्ध्या तासाची चढण होती, फादर," ते म्हणाले. "सांगणारा कोणी नव्हता."

आमच्या तोंडून शब्द फुटेना. बाईस भाषा समजली नव्हती, पण प्रसंग समजला. परिचारिका भगिनींनीं तिला थोडक्यांत सांगितलें. ती जराशी बाजूस गेली, दूरध्वनीवरून कोणाशीं बोलली आणि परत येऊन म्हणाली, "येथील पुरोहित येत आहेत. आपण मिस्सा करूं शकाल. मात्र दुपारनंतर दक्षिणेकडील गांवें व समुद्रस्नान राहून जाईल." शिक्षक महाशय, ज्यांस आदल्या रात्रीं खर्च जड वाटला होता, तेच सर्वांआधीं म्हणाले, "राहूं द्या."

तेथील वृद्ध पुरोहितांनीं आमचें धर्मगुरुपदाचें पत्र पाहिलें, स्वतः वस्त्रें काढून दिलीं व मेणबत्त्या लाविल्या. त्या देवळांत, एका बाजूच्या वेदीवर, आम्हीं मराठींत मिस्सा केली. चाळीस वर्षें राहिलेलें तें ऋण त्या दिवशीं फिटलें. बाई शेवटच्या बांकाशीं उभी राहून आपल्या रीतीनें, उजवीकडून डावीकडे, क्रूसाची खूण करीत होती.

सायंकाळीं खालच्या शहरांत तिनें आम्हांस पवित्र मरियेच्या निधनाच्या देवळांत नेलें. प्साराच्या निर्वासितांनीं आपल्याबरोबर आणिलें असें मानलें जाणारें एक लहान चित्र तेथें आहे. पिढ्यान् पिढ्या लोकांनीं त्याचें चुंबन घेतलें, त्यापुढें मेणबत्त्या लाविल्या. धुरानें तें काळवंडून गेलें. 1983 सालीं तें स्वच्छ करितांना त्यांतील समईच्या बुडाशीं चित्रकाराची सही सांपडली: दोमेनिकोस थेओतोकोपुलोस, क्रीट बेटांत 1541 सालीं जन्मलेला व स्पेन देशांत 'एल ग्रेको' या नांवानें विख्यात झालेला थोर चित्रकार. घरांत रत्न असावें आणि घरच्यांसच तें ठाऊक नसावें! निरोप घेतांना आम्हीं बाईस तिच्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर दिलें. "आम्ही एका आईसाठीं आलों होतों." "मला सकाळींच वाटलें होतें," ती म्हणाली, आणि प्रत्येकाच्या हातीं तेथील प्रसिद्ध लुकूमी मिठाईची एकेक पुडी ठेवून निघून गेली.

बंधुभगिनींनो, ही हकीकत येथें संपली असती. पण आमच्या मनांत एक शल्य आहे, आणि सुवर्णमहोत्सवाच्या दिवशीं तें लपवून ठेवणें बरें नव्हे.

तीन वर्षांपूर्वीं झारखंडाकडचा एक तरुण मजूर दर रविवारीं आपल्या या मंदिरांत येत असे. तीर्थजलाच्या पात्राजवळ उभा राही, गुडघे टेकी, आणि शेवटचा आशीर्वाद होतांच निघून जाई. आम्ही वेदीवरून त्यास पाहत होतों. आज बोलूं, पुढच्या रविवारीं बोलूं, असें म्हणतां म्हणतां वर्ष गेलें. मग तो दिसेनासा झाला. चौकशी केली तेव्हां कळलें कीं काम संपलें व ठेकेदारानें त्यास दुसरीकडे नेलें. त्याचें नांव आम्हांस आजही ठाऊक नाहीं. कोणासाठीं तो येत होता, त्यास काय हवें होतें, कोणती मिस्सा त्याच्या मनांत राहून गेली, कोण जाणे! तो तर देवळाच्या आंत येऊन उभा होता. मधें डोंगर नव्हता, समुद्र नव्हता. आम्हींच खालीं उतरलों नाहीं.

आपल्या वाडवडिलांनीं हें मंदिर बांधलें, त्यास पन्नास वर्षें झालीं. या वर्षीं त्यास नवा रंग दिला, दिवे लाविले, घंटा दुरुस्त केली. लांबून तें फार शोभिवंत दिसतें. परंतु लांबून तर गोदींतल्या त्या तरुणासही देऊळ दिसतच होतें. आज आपल्या गांवाभोंवतीं कारखाने उठले आहेत, चाळी वाढल्या आहेत, दूरदूरच्या प्रांतांतून भाकरीसाठीं लोक येत आहेत. त्यांत आपल्या धर्माचे किती आहेत, हें आपणांस ठाऊक नाहीं; आणि जे आपल्या धर्माचे नाहींत तेही शेजारीच आहेत.

म्हणून महोत्सवाची आठवण म्हणून आम्हीं दोन लहान गोष्टी ठरविल्या आहेत. एक, मिस्सांच्या वेळांचा फलक स्टेशनच्या रस्त्यावर मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत लागेल. दुसरी, दर रविवारीं दोन माणसें मंदिराच्या दाराशीं उभीं राहतील, आणि अनोळखी चेहरा दिसला कीं त्याचें नांव विचारतील. पहिल्या रविवारीं त्या दोघांपैकीं एक खलाशीबाबा असतील; त्यांनीं स्वतःहून तें मागून घेतलें आहे. दुसरे आम्ही असूं.

प्रभु येशू आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.