फाटकाअलीकडची सिगार



कुणाच्या लग्नाला 25 वर्षं झालेली असतात, कुणाला बढती मिळालेली असते, कुणाचं लग्न ठरलेलं असतं. चार मित्र जमतात, शनिवार-रविवार गाठून नागझिऱ्याला जायचं ठरतं, आणि आखातातून सुट्टीवर आलेला एखादा मित्र बॅगेतून सिगारचा डबा काढतो. हौसेनं आणलेली वस्तू असते. माझी सगळी नोकरी वनखात्यात गेली, म्हणून या डब्याच्या प्रवासाबद्दल आज चार गोष्टी सांगाव्यात असं वाटलं.

या प्रवासात तीन हद्दी लागतात. पहिली हद्द विमानतळावरची. शारजाहून किंवा दोह्याहून नागपूरला उतरणाऱ्या प्रवाशाला 25 सिगार, किंवा 100 सिगारेटी, किंवा 125 ग्रॅम तंबाखू, यांपैकी एकच सवलत करमाफीत मिळते. 25 सिगार आणि शिवाय 100 सिगारेटी असा हिशेब चालत नाही. जास्त आणलं असेल तर लाल मार्गिकेतून जाऊन आपणहून सांगावं आणि जकात भरावी. लपवलेला माल सापडला तर जप्त होतो, दंड होतो. ई-सिगारेट मात्र आणूच नका. 2019च्या कायद्यानं तिच्या आयातीवर, विक्रीवर आणि साठ्यावर देशभर बंदी आहे.

दुसरी हद्द राज्याची. नागझिऱ्याच्या गोंदिया जिल्ह्याला बालाघाटकडून मध्य प्रदेश आणि राजनांदगावकडून छत्तीसगड लागून आहे. स्वतःपुरत्या चार सिगार घेऊन ही सीमा ओलांडायला परवाना लागत नाही. पण सिगारसोबत बहुधा बाटलीही असते, आणि दारूचा कायदा प्रत्येक राज्याचा वेगळा. पलीकडे विकत घेतलेली बाटली अलीकडे आणणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. ती स्वस्त मिळाली म्हणून सुटका होत नाही. नवेगावबांध पाहून पुढे वडसा, गडचिरोलीकडे जाणार असाल तर तिथे 1993पासून दारूबंदी आहे, हेही ध्यानात ठेवा.

आता तिसरी हद्द, आणि माझ्या मते खरी हद्द हीच. साकोलीकडून आलात तर पिटेझरीचं फाटक, गोंदिया-तिरोड्याकडून आलात तर चोरखमाऱ्याचं. सीमाशुल्क खात्यानं सोडलेली, राज्याच्या सीमेवर कुणी न अडवलेली सिगार इथे थांबली पाहिजे. नागझिरा 1970पासून अभयारण्य आहे आणि 2013पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याचं 30वं कलम सांगतं की अभयारण्याला धोका होईल अशा रीतीनं कुणीही आग पेटवू नये आणि पेटती सोडूनही जाऊ नये. भारतीय वन कायदा तर राखीव जंगलात मनाईच्या काळात नुसता विस्तव बाळगण्यालाही गुन्हा मानतो. पेटलेली सिगार हा विस्तवच आहे.

असं का, ते फेब्रुवारीनंतर जंगलात पाऊल टाकलं की कळतं. साग, ऐन, धावडा, बीजा यांची पानं गळून पडलेली असतात. कुठे कुठे पाऊल घोट्यापर्यंत पाचोळ्यात जातं. मार्च-एप्रिलमध्ये मोह पडतो, मे महिन्यात तेंदूपत्त्याची तोड सुरू होते, पारा 45 अंशांकडे सरकतो आणि दुपारी वारा सुटतो. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा आपल्याकडे आगीचा हंगाम. त्याआधी आग अडवणाऱ्या जाळरेषा साफ केल्या जातात, आगीवर नजर ठेवायला हंगामी अंगारी मजूर नेमले जातात. तरीही वणवे लागतात.

जमिनीवरून सरपटत जाणारी आग लांबून फारशी भयंकर दिसत नाही. रानगवा, वाघ, रानकुत्र्यांचा कळप वाटेतून बाजूला होतो. पण त्या वर्षी रुजलेली रोपं, जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांची अंडी, सरडे, कासवं यांना पळता येत नाही. डोंगराच्या उतारावर तर आग वर चढते तेव्हा माणसालाही तिच्या पुढे धावता येत नाही.

8 एप्रिल 2021 रोजी नागझिऱ्यात वणवा विझवताना तीन हंगामी वनमजुरांचा होरपळून मृत्यू झाला. ती आग सिगारेटनं लागली असं मी म्हणत नाही. पण पाचोळ्याला ठिणगी कुणाची होती याचा फरक पडत नाही. ती विझवायला मात्र आजूबाजूच्या गावांतलीच माणसं जातात. हिरव्या फांद्या आणि पाला उडवणारी यंत्रं घेऊन, रात्री-अपरात्री, रोजंदारीवर. पाहुण्याच्या दोन दिवसांच्या आनंदासाठी त्यांनी जीव धोक्यात घालावा, हे मला मान्य नाही.

वणव्याचा दोष अनेकदा गावकऱ्यांवर टाकला जातो. मोह वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळला जातो, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणूनही आग लावली जाते, हे खरं आहे आणि ते थांबायला हवं. पण त्या माणसाचं पोट त्या मोहावर आणि त्या पानावर आहे. सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधून भर उन्हाळ्यात तो कमावतो; गोंदिया-भंडाऱ्याचा बिडीधंदा त्याच पानावर उभा राहिला. त्याला समजवायला वनखातं गावोगाव फिरतं. पर्यटकाची तर कसलीच गरज अडलेली नसते.

मग डब्याचं काय करायचं? तो नागपूरला घरीच ठेवा. यात सिगारचंही भलं आहे. तिला साधारण 65 ते 70 टक्के दमटपणा लागतो. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत दोन दिवसांत पान कोरडं पडतं, वरचं वेष्टन तडकतं, आणि उष्म्यानं तंबाखूतल्या किड्यांची अंडी उबतात. हट्टच असेल तर फाटकाबाहेर, सिमेंटच्या अंगणात, पाणी भरलेलं भांडं जवळ ठेवून ओढा आणि थोटूक त्या पाण्यात बुडवा. खिडकीतून तर कधीच टाकू नका. वनखात्याचं विश्रामगृह ही सार्वजनिक जागा आहे. 2008पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे, तेव्हा व्हरांडाही त्यातून सुटत नाही.

धूर आत घेत नाही म्हणून सिगार निर्धोक, असंही समजू नका. एका मोठ्या सिगारमध्ये अख्ख्या पाकिटातल्या सिगारेटींइतकी तंबाखू असू शकते, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका धूर तोंडात धरल्यानंही असतोच. तुमच्या आनंदाच्या दिवशी हे सांगणं मला आवडत नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

फाटकावर गाडी थांबली की गाइडकडे काडेपेटी, लायटर आपणहून सोपवा. गाडीतल्या एखाद्याला राग आला तरी तुम्ही ते करा. आत फिरताना कुठे धूर दिसला तर खाली उतरू नका, विझवायलाही जाऊ नका. गाइडला सांगा, किंवा फोन लागत असेल तिथून वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवा. कोणत्या रस्त्यावर आहात, जवळच्या दगडावर कोणता कक्ष क्रमांक लिहिला आहे, धूर कोणत्या दिशेला सरकतो आहे, एवढं सांगितलंत तरी अंगारी मजुरांना नेमकं कुठे पोचायचं ते कळतं.