डेप्रिकेटेड म्हणजे काढून टाकलेलं नव्हे

आजचा शब्द आहे डेप्रिकेट. कोडिंग करणाऱ्यांना तो वॉर्निंगमध्ये रोज दिसतो. बाकीच्यांनी कदाचित ऐकलाही नसेल, कारण बोलण्यात तो फारसा येत नाही.

शब्द मूळचा लॅटिन. ‘प्रेकारी’ म्हणजे प्रार्थना करणं आणि आधी लागलेला ‘दे’ म्हणजे दूर. संकट येऊ नये म्हणून देवाला विनवायचं. आपलं ‘इडा पीडा टळो’ असतं ना, साधारण तसंच. इंग्रजीत येऊन सतराव्या शतकात अर्थ झाला नापसंती व्यक्त करणं. पण आरडाओरडा करून नाही हं. घरातलं मोठं माणूस ‘हे काही बरं नव्हे’ म्हणतं, त्या सुरात. आपल्याकडे कोर्टाच्या इंग्रजी निकालांत तो अजून भेटतो: ‘ही प्रथा आम्ही डेप्रिकेट करतो.’ नापसंती सहसा वागण्याबद्दल असते, माणसाबद्दल नाही.

आता जावाकडे या. १९९७ मध्ये १.१ आवृत्ती आली, तेव्हा डेट क्लासमधली ‘गेट इयर’ मेथड डेप्रिकेट झाली. ती वर्षातून १९०० वजा करून देते, म्हणजे २०२४ साठी उत्तर १२४! गंमत म्हणजे ती अजूनही चालते. नापसंत आहे, पण घराबाहेर काढलेली नाही. जुना कोड मोडू नये म्हणून ठेवलीय. इतकी वर्षं हे असंच चाललं, म्हणून २०१७ मध्ये जावा ९ ला ‘फॉर रिमूव्हल’ अशी वेगळी खूण आणावी लागली: ही मात्र खरंच जाणार बरं का.

म्हणून इंटरव्ह्यूत ‘डेप्रिकेटेड म्हणजे डिलीट झालेलं’ असं सांगू नका. आणि ‘चालतंय ना, मग राहू दे’ हेही मला पटत नाही. थ्रेड क्लासमधली ‘स्टॉप’ मेथड नापसंत ठरली, कारण थ्रेड मध्येच मारला की त्याची लॉक्स सुटतात आणि डेटा अर्धवट अवस्थेत इतरांच्या हाती पडतो. डॉक्युमेंटेशनमध्ये कारण आणि बहुतेकदा पर्यायही लिहिलेला असतो. दोन मिनिटं लागतात वाचायला.

अजून एक. चॅटवर बरेच जण ‘एपीआय डिप्रिशिएट झाली’ असं लिहितात. डिप्रिशिएट म्हणजे किंमत उतरणं, अकाउंटवाल्यांचा घसारा. पण त्यांना फार हसू नका. स्वतःलाच कमी लेखून विनोद करणाऱ्याला इंग्रजीत आधी ‘सेल्फ डिप्रिशिएटिंग’च म्हणायचे. पुढे लोकांनी तिथे डेप्रिकेटिंग घुसवलं, आणि आज डिक्शनरीतही तेच रूढ आहे.