घरचा मोडेम : उभारणी आणि निगा
(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनातील व्याख्यान)



घरी मोडेम बसविणे हे लाइनमनचे काम, अशी सर्वसाधारण समजूत आहे. लाइनमन येतो, तार जोडतो, संगणकावर एखादे पान उघडून दाखवितो आणि पुढच्या गावी जातो. दिवे लुकलुकू लागले की घरमालकही संतुष्ट होतो. वास्तविक बसविण्याचे निम्मे काम त्यानंतर उरते आणि ते घरच्या माणसानेच करावयाचे असते. ते न केल्यास काय होते, याचा प्रत्यय जुलै २०१७ मध्ये आपल्याच देशात आला. भारत संचार निगमाच्या ग्राहकांच्या घरचे हजारो मोडेम एका उपद्रवी संगणकीय आज्ञावलीने निकामी केले. बाधित मोडेमवर कारखान्यातून आलेला 'ॲडमिन' हा पासवर्ड तसाच राहिलेला होता. नवे कुलूप आणावे आणि किल्ली कुलपातच अडकवून ठेवावी, तसा हा प्रकार होय.

प्रथम तारेचा विचार करू. दूरध्वनीची तार म्हणजे एकमेकींना पीळ दिलेल्या तांब्याच्या दोन तारा. मनुष्याचा आवाज वाहून नेण्यास सेकंदाला सुमारे ३०० ते ३,४०० कंपनांचा पट्टा पुरतो. त्यावरचा मोठा प्रदेश या तारेत मोकळाच पडून होता. डीएसएल पद्धतीने तो लागवडीखाली आणला. एडीएसएल या प्रकारात सुमारे २५ हजारांपासून ११ लाख कंपनांपर्यंत आणि पुढील एडीएसएल-२-प्लसमध्ये २२ लाखांपर्यंतचा पट्टा माहितीसाठी वापरला जातो. भजनात मृदंगाचा खर्ज आणि टाळांचा झणत्कार एकाच हवेतून एकदम येतात आणि कान ते वेगवेगळे ओळखतो. तारेतही आवाज आणि माहिती अशाच एकत्र नांदतात.

अमेरिकेतील बेलकोर संस्थेचे जोसेफ लेचलायडर यांनी घरी येणाऱ्या माहितीला अधिक वाटा आणि घरून जाणाऱ्या माहितीला थोडा वाटा द्यावा, अशी कल्पना मांडली. एडीएसएल या नावातील पहिले अक्षर या विषमतेचेच द्योतक आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जॉन सिऑफी यांनी पुढे आणलेल्या पद्धतीत सारा पट्टा २५६ वाफ्यांत विभागला जातो. मोडेम सुरू होताच प्रत्येक वाफ्याची परीक्षा करतो. जमीन चांगली तेथे पेरा भरपूर, दगडगोटे असतील तेथे कमी, आणि अगदीच नापीक वाफा सोडून देतो. 'डीएसएल' लिहिलेला दिवा आरंभी काही काळ लुकलुकतो तो याच कामामुळे. कित्येक जण अर्ध्या मिनिटातच अधीर होऊन यंत्र बंद-चालू करतात आणि बिचाऱ्या मोडेमला पुन्हा पहिल्या वाफ्यापासून आरंभ करावा लागतो.

आता जोडणी. बाहेरून आलेली तार स्प्लिटर नावाच्या लहान डबीत जाते. तिचे एक तोंड फोनसाठी, दुसरे मोडेमसाठी असते. फोनच्या तोंडाशी असलेली गाळणी उच्च कंपने अडविते. नित्य आढळणारी चूक अशी की स्प्लिटरच्या आधीच तार फोडून आतल्या खोलीत दुसरा फोन नेलेला असतो आणि त्याला गाळणी नसते. मग फोनची घंटी वाजली की इंटरनेट तुटते. असा संशय आल्यास सोपा प्रयोग करावा. घरातील सर्व फोन आणि फाटे काढून, बाहेरची तार जेथे प्रथम घरात शिरते तेथे केवळ मोडेम जोडावा. आता दिवा स्थिर राहिला तर दोष घरातील तारांत आहे, न राहिला तर बहुधा बाहेर खांबावर किंवा सांध्यात आहे. फोन उचलून कानाला लावावा; खरखर ऐकू आली तर तांब्यावर हिरवट गंज चढला आहे किंवा सांध्यात पाणी शिरले आहे, असे समजण्यास हरकत नाही. पावसाळ्यात हे विशेष घडते. 'इंटरनेट चालत नाही' अशी तक्रार करण्याऐवजी 'सर्व फोन काढून पाहिले, तरी तारेत खरखर आहे' असे सांगणाऱ्याचे काम लवकर होते, कारण लाइनमनला मग घरात शोधाशोध करावी लागत नाही.

यानंतर यंत्राची मांडणी. पेटी एकच दिसली तरी तिच्यात दोन असामी असतात. मोडेम हा तारेची भाषा संगणकाच्या भाषेत सांगणारा दुभाषा आहे. राउटर हा वाड्यात आलेली डाक ज्याच्या त्याच्या खोलीत पोहोचविणारा आहे. संगणक जाड तारेने पेटीला जोडून ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी १९२.१६८.१.१ हा अंक इंग्रजी आकड्यांत लिहिला म्हणजे प्रायः पेटीचे पान उघडते. न उघडल्यास पेटीच्या तळाशी चिकटविलेल्या कागदावर योग्य पत्ता असतो. तेथे व्हीपीआय आणि व्हीसीआय असे दोन अंक भरावे लागतात. भारत संचार निगमाच्या तारेसाठी ते प्रायः ० आणि ३५ असतात. जोडणीचा प्रकार पीपीपीओई निवडून खात्याचे नाव व पासवर्ड भरावा. डीएसएलचा दिवा स्थिर आहे आणि इंटरनेटचा लागत नाही, तर तार ठीक असून चूक बहुधा या रकान्यांत आहे. दोन्ही दिवे ठीक असून मोबाइलवर काहीच उघडत नसेल तर वायफायकडे पाहावे.

याच पानावर तारेची प्रकृतीही दिसते. 'नॉइज मार्जिन' हा आकडा ६ डेसिबेलच्या खाली गेला की जोडणी वारंवार तुटू लागते. उन्हाळ्यात हा आकडा वहीत टिपून ठेवावा आणि श्रावणात पुन्हा पाहावा. हजेरीपत्रक ठेवणाऱ्यास हे जड जाऊ नये.

पासवर्डांविषयी थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण येथे दोन भिन्न किल्ल्यांची गल्लत होते. वायफायची किल्ली पाहुण्याला देता येते. यंत्राच्या पानाची किल्ली कोणालाच देऊ नये. वायफायसाठी डब्ल्यूपीए-२ किंवा त्याहून नवी डब्ल्यूपीए-३ पद्धत निवडावी. जुनी डब्ल्यूईपी पद्धत २००१ सालीच फोडता येऊ लागली होती. ग्रामदैवताचे नाव पासवर्ड म्हणून ठेवल्यास तो साऱ्या गावाला ठाऊक असतो. यंत्राच्या पानाची किल्ली परक्या हाती गेल्यास यंत्र बंद पडणे ही लहान हानी होय. मोठी हानी दिसतच नाही. ब्राझीलमध्ये २०११-१२ च्या सुमारास सुमारे ४५ लाख मोडेमांतील नामसूचीचा पत्ता बदलण्यात आला. मनुष्य बँकेचे नाव बरोबर लिहीत असे आणि तरीही भामट्याच्या पानावर जात असे. तेथे दोष यंत्राच्या मूळ आज्ञावलीतच असल्याने नुसता पासवर्ड बदलून भागण्यासारखे नव्हते. म्हणून उत्पादकाने सुधारित आज्ञावली दिली असेल तर ती भरावी आणि बाहेरून यंत्राचे पान उघडण्याची सोय चालू असल्यास बंद करावी.

पेटीच्या मागे सुईच्या टोकाएवढ्या छिद्रात रिसेटचे बटण असते. ते काही क्षण दाबून धरले की भरलेले सर्व पुसले जाते आणि 'ॲडमिन' महाराज पुन्हा गादीवर येतात. घरात चौकस मुले असतील तर ही गोष्ट केव्हातरी होणारच. सर्व नोंदी वहीत असाव्यात त्या यासाठी. पेटी लोखंडी कपाटात ठेवू नये, तेथून वायफायच्या लहरी बाहेर पडत नाहीत. वादळाची चिन्हे दिसताच विजेच्या तारेबरोबर दूरध्वनीची तारही काढून ठेवावी. पुष्कळ जण पहिली काढतात आणि वीज दुसरीतून आत येते.

अनेक ठिकाणी तांब्याची तार जाऊन ऑप्टिकल फायबर आला आहे. तेथे स्प्लिटर आणि नॉइज मार्जिन हे विषय उरत नाहीत. 'लॉस' लिहिलेला दिवा लाल झाला म्हणजे तंतूतून प्रकाश येत नाही, एवढे ओळखले तरी चालते. राउटरचे पान मात्र तेच, 'ॲडमिन'ही पुष्कळदा तोच. जुना मोडेम परत देण्यापूर्वी किंवा कोणास वापरावयास देण्यापूर्वी त्याचे रिसेट बटण आठवणीने दाबावे. खात्याचा पासवर्ड त्याच्या पोटात राहिलेला असतो.